हे तळं की धरण?

माझ्या आईने लग्नानंतर एकही धरण पाहिलेलं नाही, आणि माझ्या बाबांनी आयुष्यभर धरणांशिवाय दुसरं काही पाहिलेलं नाही. अशा दोघांना गाडीत घालून लंडनमधल्या ईलिंगहून सहा तास उत्तरेला, तळ्यांसाठी प्रसिद्ध अशा लेक डिस्ट्रिक्टमध्ये न्यायची बुद्धी मला झाली. नवऱ्याने ऐन वेळी ऑन-कॉल ड्युटीचं कारण पुढे केलं आणि तो सुटला.

आधी जुनी भानगड सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. बाबा पाटबंधारे खात्यात ज्युनियर इंजिनियर म्हणून लागले आणि त्यांचं पहिलंच काम म्हणजे धरणात बुडणाऱ्या गावांतल्या घरांची मोजणी. त्यातलं एक घर आईचं. मोजणीला आलेल्या पोराला आजोबांनी चहा पाजला, पोरगा सरळ वाटला, आणि दोन वर्षांनी, गाव उठायच्या आत, त्याच अंगणात मांडव घालून त्याला मुलगी देऊन टाकली. पुढच्याच पावसाळ्यात धरणात पाणी अडवलं. पहिला दिवाळसण नव्या गावठाणात, पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आईच्या माहेरची माणसं अजूनही बाबांना 'बुडवे जावई' म्हणतात, अगदी तोंडावर, आणि बाबा हसून वाढलेलं सगळं खातात.

आई भांडली वगैरे नाही. तिने फक्त धरण बघायचं नाही असं ठरवलं. सरकारी कॉलनीतली बायकापोरं रविवारी धरणावर सहलीला निघायची, तेव्हा आई पुऱ्या, बटाट्याची भाजी, लसणाची चटणी असा साग्रसंगीत डबा भरून द्यायची आणि स्वतः घरी राहायची. उद्घाटनाला मंत्री आले त्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. बाबांनी पुढे आणखी तीन धरणं बांधली आणि तिन्ही वेळा तिचं डोकं दुखलं. एरवी या बाईला कधी साधी सर्दी झालेली मला आठवत नाही.

यंदा दोघं सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आले होते. परतीला तीन आठवडे उरले असताना, आई आंघोळीला गेलेली बघून, बाबा स्वयंपाकघरात आले आणि डिशवॉशरशी उगाच चाळा करत म्हणाले, "ती एकदा माझ्याबरोबर धरणावर उभी राहिली ना, की माझं झालं." मला हसू आलं. पण ते हसत नव्हते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, चार धरणं बांधलेला, आणि बायकोने त्यातलं एकही बघितलं नाही हे त्यांना इतकं लागत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी म्हटलं, बघते काहीतरी.

आईची अट ठरलेली होती. तळी बघीन, धरण नाही. आणि तिचा बाबांवर कणभर विश्वास नव्हता. विंडरमिअरला पोचलो तर गाडीतून उतरायच्या आधी तिने मला विचारलं, हे तळं की धरण? मी म्हटलं, तळं. म्हणाली, फोनमध्ये बघून सांग. फोनमध्ये बघून सांगितलं तेव्हा कुठे बाईसाहेबांनी पाय खाली ठेवला. मग मात्र तिची कळी खुलली. बोटीत पुढची जागा पटकावली, हंसांना बघून 'किती माजलेत मेले' असं कौतुकाने म्हणाली, काठावरच्या कॅफेत स्कोन खाऊन त्यात वेलची हवी होती असा निकाल दिला, आणि शेजारच्या बाकावरच्या इंग्लिश आजीबाईंना स्वेटरची वीण विचारून आली. तिला इंग्लिश येत नाही. वीण मात्र बरोबर कळली.

बाबांचा मूड वेगळाच. ते प्रत्येक तळ्यासमोर हात मागे बांधून, इन्स्पेक्शनला आल्यासारखे उभे राहायचे. सगळं जग ज्या पाण्यापुढे फोटो काढत होतं, त्याच्याकडे बघून ते म्हणाले, हे हिमनदीने कोरलंय, यात कुणाचं काहीच कर्तृत्व नाही. ग्रासमिअरला तर त्यांनी दहा मिनिटांत पाठ फिरवली आणि तिथल्या प्रसिद्ध जिंजरब्रेडच्या दुकानाबाहेर रांगेत जाऊन उभे राहिले. आई मला म्हणाली, बघ, देवाने केलेलं यांना चालतच नाही, टेंडर काढलेलं लागतं.

तिसऱ्या दिवसासाठी बाबांनी मला रात्रभर नकाशा बघून एक नाव काढून दिलं. हॉजवॉटर. मुळात तळंच, पण नव्वदेक वर्षांपूर्वी मँचेस्टरला पाणी पुरवायला भिंत घालून पातळी वाढवलेली. मी म्हटलं, बाबा, म्हणजे ते धरणच झालं. तर म्हणाले, "मूळचं तळंच आहे गं. आम्ही फक्त उंची वाढवली." आम्ही! नव्वद वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या इंजिनियरांशीसुद्धा या माणसाची भाऊबंदकी. मी त्यांना बजावलं, की आई चिडली तर मी तुमची बाजू घेणार नाही. आणि मग नाश्त्याला पोहे खाताना आईला बिनदिक्कत सांगितलं, आज आणखी एक तळं. ती फोन बघ म्हणाली. मी फोन बघितला आणि म्हटलं, तळं. खोटं बोलल्याचं वाईट वाटायला पाहिजे होतं, पण खरं सांगायचं तर मला मजाच वाटत होती.

रस्ता म्हणजे एक गाडी जेमतेम मावेल एवढा, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं. समोरून गाडी आली की कुणीतरी मागे जायचं, आणि ते कुणीतरी दर वेळी मीच. तिसऱ्यांदा रिव्हर्स घेताना मी जे बोलले ते मराठीत बोलले म्हणून बरं. पाणी सुरू होतं तिथेच झाडांमधून धरणाची भिंत दिसली. राखाडी, लांबलचक. बाबा पुढच्या सीटवर श्वास धरून बसले होते. मी आरशात पाहिलं, तर आई संत्रं सोलत होती. मला वाटलं, जिंकलो.

पुढे झाडं संपली आणि पाणी समोर आलं. त्या उन्हाळ्यात तिकडे पाऊसच झाला नव्हता. पाणी पार खाली गेलेलं, आणि हिरव्या डोंगराच्या पायथ्याला सगळीकडून उघड्या दगडमातीचा फिकट पट्टा. मला तो छान दिसला, बीचसारखा. मागून आईचा आवाज आला, अगदी शांत.

"हे तळं नाही. तळ्याला असा पट्टा नसतो."

मी काहीतरी ग्लेशियर वगैरे सांगायला लागले. तिने मला पुरतं बोलूही दिलं नाही. पट्टा कसा पडतो हे मी तिला शिकवू नये, म्हणाली, तिच्या माहेरावर दर उन्हाळ्यात पडतो असं तिला भावाने सांगितलंय. मग उरलेलं संत्रं तिने सालासकट पिशवीत टाकलं आणि खिडकीबाहेर बघायचंसुद्धा बंद केलं. बाबा मानेला उसण भरल्यासारखे सरळ समोर बघत होते.

रस्ता संपतो तिथे छोटं पार्किंग आहे. मी उतरून पैसे भरायच्या मशीनशी भांडायला गेले. ते म्हणत होतं अ‍ॅप वापरा, आणि अ‍ॅप म्हणत होतं नेटवर्क नाही. तोवर बाबा उतरून काठाकडे एकटेच चालत गेले होते. आई गाडीतच. मी परत येऊन दार उघडलं आणि सॉरी म्हटलं. ती म्हणाली, तुला काय करायचंय सॉरी, तू त्यांचीच मुलगी. हे तिने रागाने म्हटलं असतं तर चाललं असतं, पण थकून म्हटलं, आणि मला एकदम माझी लाज वाटली.

समोरून लोक खाली उतरत होते. कुत्री, मुलं, काठ्या घेतलेले म्हातारे, सगळे त्या सुकलेल्या चिखलाकडे. आईने विचारलं, तिकडे काय आहे. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं, की इथे एक गाव होतं. धरणासाठी उठवलं. चर्चचे दगड काढून धरणाच्या कामाला वापरले, दफन केलेली माणसंसुद्धा उकरून दुसऱ्या गावी नेली. पाणी खूप खाली गेलं की घरांच्या भिंती वर येतात, आणि लोक त्या बघायला येतात.

"बघायला येतात?" आई म्हणाली.

मी हो म्हटलं. मग तिने शाल खांद्यावर घेतली, साडी जरा वर खोचली, पायातल्या माझ्या जुन्या ट्रेनर्सच्या नाड्या घट्ट बांधल्या आणि उतरली. माझा हात तिने घेतला नाही.

खाली चिखल वाळून भेगाळला होता. त्यात गुडघाभर उंचीच्या दगडी भिंती, एक वाट, वाटेच्या दोन्ही अंगांना घरांचे चौकोन. लोक भिंतींवर बसून सँडविच खात होते. आई एका चौकोनात शिरली. शिरली म्हणजे दारातूनच गेली, भिंत ओलांडून नाही. आत उभी राहून तिने मला दाखवलं, की इथे चूल असणार, धूर या बाजूने जात असेल. इथे गुरं. हे दार पाण्याच्या दिशेला ठेवलंय, म्हणजे घरात शहाणी बाई होती. तिचा राग कुठे गेला होता कोण जाणे. नव्या घरात सामान लावताना ती जशी दिसते तशीच दिसत होती, आणि मला रडू यायला लागलं होतं.

बाबा पंधरा-वीस पावलांवर थांबले होते. जवळ येत नव्हते. त्यांना जे हवं होतं ते झालं होतं, बायको धरणात त्यांच्याबरोबर उभी होती, आणि त्यांचा चेहरा असा, की कुणीतरी आता हिशेब विचारणार. आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "अहो, आमच्या घरावर किती पाणी असतं हो?"

बाबांनी आठवायला क्षणभरसुद्धा घेतला नाही. "भरलेलं असताना उंबऱ्यावर एकोणसाठ फूट," म्हणाले. आणि पुढे, "दुष्काळाच्या वर्षी काहीच नसतं. उघडं पडतं. मी गेलो होतो."

आई वळली.

ते जवळ येत सांगू लागले. दोनदा गेले होते, एकटे. एकदा माझ्या जन्माच्या वेळी ती बाळंतपणासाठी नव्या गावठाणातल्या माहेरी होती तेव्हा, आणि एकदा रिटायर झाल्यावर, एस.टी.ने. भिंती पडल्यात, पण जोतं शाबूत आहे. अंगणातली तुळस ठेवायची दगडी चौकटही आहे, थोडी कललेली. हे सगळं ते मान खाली घालून, साहेबाला रिपोर्ट द्यावा तसं बोलत होते. मी हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. आईसुद्धा.

"मला का नाही सांगितलंत?" तिने विचारलं.

"तू आली नसतीस. प्रत्येक वेळी नाहीच म्हणालीस."

शेजारच्या भिंतीवरून एक पोरगी दुसरीकडे उडी मारत होती. आईने ती खाली उतरेपर्यंत वाट पाहिली.

"तुम्ही दर वेळी धरण बघायला चल म्हणायचात," ती म्हणाली. "घर बघायला चल असं एकदा तरी म्हणायचंत. मी कधी नाही म्हटलं असतं?"

मला बाबांची दया आली, आणि रागही आला. मग ते त्या दारातून आत आले, तिच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "मे महिन्यात पाणी उतरतं."