लांडग्याची ताटली

आमच्या संग्रहालयात बानाबाई झाडू मारतात आणि मी तिकिटं फाडतो. सहा वर्षांत मला कुणी नावानं ओळखलेलं नाही. बानाबाईंना मात्र सगळे ओळखतात, कारण त्यांनी एकदा पेंढा भरलेल्या कोल्ह्याला शाम्पू लावून गच्चीवर वाळत घातलं होतं. तेव्हा आमच्या प्रमुख विशाखा मॅडमनी बजावलं होतं, ‘‘आणखी एक घोळ, की काम सुटलं म्हणून समजा.’’

त्या रविवारी ‘सहकुटुंब विज्ञान’ होतं. मॅडमनी हौसेनं खेळ काढला होता : ‘ही विष्ठा कुणाची?’ शनिवारीच मांडून ठेवलेल्या चार पांढऱ्या ताटल्या. मेंढी, शेळी, ससा आणि लांडगा. नावांच्या चिठ्ठ्या मॅडमच्या पर्समध्ये. सुट्टीच्या दिवशी पोरांना नवे कपडे घालून लेंड्या बघायला आणावं का, यावर माझं मत कुणी विचारलं नाही.

सकाळी आठला पाहतो तर ताटल्या घासून पालथ्या घातलेल्या!

‘‘बानाबाई, यातलं कुठंय?’’

‘‘गुलाबाला घातलं की! असलं खत कुणी टेबलावर ठेवतं व्हय?’’

त्यांचंही बरोबरच. त्या धनगराघरच्या. यांच्या मेंढरांनी वावरात बसावं म्हणून शेतकरी मिनतवाऱ्या करतात. बाईंनी वरून पाइपनं पाणीही सोडलं होतं. मी खेळ समजावून सांगितला.

‘‘भाऊ, गेलं माझं काम!’’

मी खरं तर चिडायला हवं होतं. पण मला त्यांचं वाईट वाटलं. स्कूटर काढली आणि त्यांना मागं बसवलं.

पडेगावला त्यांच्या दिराच्या कळपात मेंढी-शेळीचं काम दोन मिनिटांत झालं. सशाच्या लेंड्या बानाबाईंनी बांधावर वाकून चुटकीसरशी वेचल्या. लांडगा कुठून आणायचा? शेवटी दिराचा कुत्रा मोती उपयोगी पडला.

दहाला हॉल भरला. पाहुण्या प्राध्यापकांनी चौथी ताटली उंच धरली. ‘‘बघा मुलांनो, खऱ्या लांडग्याची! नीट लक्षात ठेवा.’’ पोरं माना उंचावून बघायला लागली. मी तिकिटाच्या खिडकीतून दाराशी उभ्या बानाबाईंना खुणा करत होतो, गप्प राहा, गप्प राहा.

‘‘नाय सायेब,’’ बानाबाई म्हणाल्या. ‘‘ती आमच्या मोतीची हाय. पोरांना खोटा लांडगा शिकवू नका. म्याडम, तुमचं समदं मीच गुलाबाला घातलं.’’

प्राध्यापकांनी ताटली अलगद खाली ठेवली आणि रुमाल शोधायला लागले. मॅडम लालबुंद झाल्या.

‘‘आणि खरी कशी असते?’’ त्यांनी विचारलं.

‘‘वाळली की पांढरी पडती. हाडाचा चुरा असतो, केसं असत्यात. आम्ही काडीनं उकलून बघतो. लोकरीवरून कळतं कुणाची मेंढी गेली. एकदा माझ्याच राधी मेंढीची निघाली. तिथंच बसून लई रडले.’’

मग एका मुलीनं विचारलं, ‘‘आजी, तिची लोकर कसल्या रंगाची होती?’’ आणि पाहुण्यांना तिथंच सोडून सगळी पोरं बानाबाईंभोवती गोळा झाली. दीड वाजेपर्यंत हलली नाहीत. आईबाप घड्याळं दाखवून थकले.

गर्दी ओसरल्यावर मॅडम आल्या. बानाबाई डोळे मिटून उभ्या.

‘‘बानाबाई, दर रविवारी हे टेबल तुमचं.’’

‘‘मग झाडणार कोण?’’

मॅडमनी हॉलभर नजर फिरवली. ती तिकिटाच्या खिडकीवर येऊन थांबली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली.