मला मात्र अहो

तर्कशास्त्राचे सर वर्गातल्या सगळ्या मुलींना ‘अगं’ म्हणत. मलाही म्हणत, बारावीच्या दिवाळीपर्यंत. त्या सुट्टीत मी त्यांच्या घरच्या पत्त्यावर भेटकार्ड पाठवलं. छापील शुभेच्छांखाली चार ओळी माझ्या होत्या. त्यांत ‘आपल्याविना’ हा शब्द दोनदा आला होता, एवढंच सांगते.

सुट्टीनंतरच्या पहिल्याच तासाला सर माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही सांगा हो, मागच्या वेळी आपण कुठवर आलो होतो?”

मी जागच्या जागी अनुमान काढलं: सर सगळ्या मुलींना अगं म्हणतात, मला म्हणत नाहीत, म्हणजे मी सगळ्यांतली नव्हे. हॉस्टेलवर हे गडहिंग्लजच्या मैत्रिणीला सांगितलं. तिचा कंगवा केसांतच थांबला.

“तुला अहो म्हणाला? येडे, उलटं झालं की! अहो तू म्हणायचं असतंय.”

हा आनंद पंधरा दिवस टिकला. हुपरीहून एसटीनं येणारी एक मुलगी रोज उशिरा यायची. पायांत पैंजण, त्यामुळे गुपचूप आत शिरायची सोय नव्हती. “अगं, ये ये. आजही बस चुकली?” सर विचारत. वर्ग हसे, ती हसे, सरही हसत. एकदा मीही मुद्दाम उशिरा गेले. “या, बसा,” सर म्हणाले, फळ्याकडे तोंड करूनच.

महिनाभर मी तिच्या वाट्याचे अगं ऐकले आणि मग विभागप्रमुख बाईंना अर्ज लिहिला. विषय: त्या मुलीशी सरांची सलगी. ‘गुरुशिष्य नात्याचे पावित्र्य’, ‘संस्थेची उज्ज्वल परंपरा’. गॅदरिंगच्या भाषणांत ज्या शब्दांना मी मागच्या बाकावरून हसायचे, ते सगळे मदतीला धावून आले. खाली ‘एक हितचिंतक’ अशी सही केली आणि अर्ज स्वतःच नेऊन दिला.

बाईंनी तो शेवटपर्यंत वाचला.

“सर तिला काय म्हणतात?”

“अगं म्हणतात.”

“बाकीच्या मुलींना?”

“अगंच.”

“आणि तुला?”

“अहो.” माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. “दिवाळीपासून.”

बाईंनी चष्मा काढला. “तुझं कार्ड मिळालं त्याच दिवशी सरांनी ते माझ्याकडे आणून दिलं. माझ्या कपाटात आहे, कुणी वाचणार नाही. पण हा अर्ज पुढे गेला तर त्या पोरीचे घरचे तिला उद्यापासून पाठवणार नाहीत. ठेवून घेऊ?”

मी हात पुढे केला. दारापर्यंत पोचले तेव्हा मागून त्या म्हणाल्या, “आणि पावित्र्यातला वि ऱ्हस्व असतो.”

अर्ज मी फाडून टाकला. हेवा मात्र वर्षभर पुरला. पुढे नोकरीत मी आचारसंहितेची जाडजूड पुस्तकं वाचली, त्यांवर सह्याही केल्या. दोन अक्षरांत भागणारं एकही कलम त्यांत सापडलं नाही. सरांचं चुकलं नव्हतं, हे मला केव्हाच कळलं होतं. आवडलं नव्हतं, एवढंच.

दहा-बारा वर्षांनी सर रंकाळ्यावर फिरताना भेटले. केस पिकले होते. “कशा आहात?” त्यांनी विचारलं. मग माझं बोट धरून उभ्या असलेल्या माझ्या मुलीपुढे वाकले.

“अगं, नाव काय तुझं?”

तिनं नाव सांगितलं, शाळा सांगितली, पडलेला दातही दाखवला. सर खूप हसले.

परत जाताना तिनं आइस्क्रीम मागितलं. मी नाही म्हटलं.