जिन्यावरची लिफ्ट

आमच्या इमारतीतले लिफ्टमामा माणसांना जिन्यावरून वर नेत असत. लिफ्ट बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि मालक भावांच्या भांडणात तिची दुरुस्ती अडकून पडली होती. मामांना कामावरून काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि मामांना बसून पगार घ्यायचा नव्हता. "माणसं वर न्यायची म्हणून थोरल्या मालकांनी ठेवलंय. कशातनं न्यायची, ते कुठं बोलल्यात?" असा त्यांचा बिनतोड सवाल. इस्त्रीचा खाकी शर्ट, खिशाला बिल्ला, आणि उचगावाहून सायकलवरून रोज साडेनऊच्या ठोक्याला हजर. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, "पावणं, कितवा मजला?"

शाहूपुरीतल्या त्या इमारतीत मी चौथ्या मजल्यावर होमिओपॅथीचा दवाखाना थाटला, कारण जागा स्वस्त होती. स्वस्त का, ते पहिल्याच दिवशी जिना चढताना कळलं. माझे निम्मे पेशंट गुडघेदुखीचे. तेव्हा जागा निवडताना मी किती अक्कल दाखवली, हे वेगळं सांगायला नको.

मामांची लिफ्ट अगदी नियमाने चाले. बंद लिफ्टच्या दारावर 'फक्त सहा माणसे' अशी पाटी होती, म्हणून जिन्यावरूनही एका खेपेला सहाच. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांकडे वाटणीच्या कामासाठी एक कुटुंब आलं. सात जण. मामांनी जावयाला खाली थांबवलं. "तुमी पुढच्या खेपंला." जावईबापू दहा मिनिटं मुकाट्याने स्टुलावर बसून राहिले. वकील नंतर सांगत होते की त्या दहा मिनिटांत वर फार समजूतदारपणे बोलणी झाली.

लाईट गेली की मामा असतील त्या पायरीवर उभे राहत आणि मागच्यांनाही उभं करत. भर दुपारी, लख्ख उजेडात. अशीच एकदा मी दोन मजल्यांच्या मध्ये अडकले आणि भडकले. "मामा, जिना चढायला लाईट कशाला लागते?"

"बाई, मी लिफ्टमन हाय. जिनेवाला न्हाय."

यात सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अशी, की लाईट येईपर्यंत मीही तिथंच थांबले.

प्रत्येक मजल्याच्या वळणावर मामा खेप थांबवत आणि तिथे आजवर कोण कोण नांदलं ते सांगत. पहिल्या मजल्यावर आता मोबाईल दुरुस्तीवाला होता, पण मामा सुरुवात करत ती गुळाच्या पेढीपासून. पेढी गेली आणि टायपिंगचा क्लास आला, तरी पुढची दोन वर्षं पोरींच्या चपला फरशीला चिकटत होत्या म्हणे. दुसऱ्या मजल्यावर आता विम्याचं ऑफिस, पण आधी तिथे एक चित्रपट वितरक होता. त्याच्याकडे हिरो व्हायला आलेले लोक सरावासाठी लिफ्टमध्येच नाचत. लिफ्ट त्यांनीच बिघडवली, असा मामांचा दाट संशय होता.

तिसऱ्या मजल्याची हकिगत सगळ्यात लांब. वकिलांच्या आधी तिथे वधू-वर सूचक मंडळ होतं. मंडळाने जमवलेलं एक जोडपं पुढे घटस्फोटासाठी त्याच खोलीत आलं. "जमवाय बी हितंच, मोडाय बी हितंच! मी म्हनलं, वळखीचं हायसा, बसा जरा." त्यांचं पुढे काय झालं, ते मामा दर वेळी वेगळं सांगत. कधी दोघं मिटवून घरी जात, तर कधी नवरा एकटाच गगनबावड्याच्या एसटीत बसे. आणि माझ्या खोलीत पूर्वी व्यायामशाळा होती. "चार मजलं चढूनच व्यायाम हुतोय म्हनल्यावर वर जाऊन करायचं काय? बंद पडली."

मी मनातून फार वैतागायचे. पेशंट उशिरा पोचायचे आणि गुडघ्याचं राहू दे, त्या जोडप्याचं खरं काय झालं ते मला विचारायचे. मग एकदा मामा भाचीच्या लग्नाला चार दिवस कुरुंदवाडला गेले. त्या चार दिवसांत माझे तीन पेशंट तिसऱ्या मजल्यावरून परत फिरले. मामा आल्यावर मी त्यांना रजा घेतली म्हणून बोलले. त्यावेळी मी तेवढाच बोध घेतला.

अखेर मालक भावांचं जमलं आणि नवी लिफ्ट आली. चकचकीत, आरसा असलेली, बटणांची. मामांना महिनाअखेरीपासून यायला नको म्हणून सांगितलं. मी तरातरा धाकट्या मालकांकडे गेले आणि मामांना ठेवा म्हणाले. "बटण दाबायला माणूस कशाला?" त्यांनी विचारलं. "ते माहिती सांगतात," असं काहीतरी मी पुटपुटले आणि मालक हसले. याचा मला अजून राग येतो, मालकांचा कमी आणि माझा जास्त.

पहिली खेप मामांनी न्यायची, एवढं मात्र मालकांनी मान्य केलं. नारळ फुटला. मामांनी माझ्यासकट सहा जण मोजून आत घेतले आणि सातव्याला हात आडवा केला. सातवे मालक होते. दार मिटलं. मामांनी घसा खाकरला, "पहिला मजला. हितं आदी गुळाची पेढी हुती..." तेवढ्यात आतून कुठूनतरी एक बाई गोड आवाजात म्हणाली, "चौथा मजला." दार उघडलं. कुणी हललं नाही.

"एवढ्यात तर एक ढेप बी उतरली नसती की," मामा म्हणाले. बाकीचे हसले. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

पाच-सहा महिन्यांनी खालच्या मोबाईलवाल्याचा फोन आला. मामा गुडघे दाखवायला आलेत, पण लिफ्टमध्ये बसत नाहीत. मी खाली गेले. ते बरेच वाळले होते.

"चला की मामा, लिफ्ट आहे."

"चालवाय कोन हाय तिला? तशी कशी जायाची?"

मग आम्ही दोघं जिन्याने निघालो. मामांना बोलायला दमच उरत नव्हता, म्हणून वळणावर थांबलं की मीच सुरू करायचे. गूळ, टायपिंग, नाचणारे हिरो. तिसऱ्या मजल्यावर ते कठडा धरून पायरीवर बसले. वर पेशंट खोळंबले होते, म्हणून मी त्या जोडप्याचं झटपट मिटवून त्यांना घरी धाडलं.

मामांनी मान हलवली. "लगीच संपीवलासा व्हय? हितं लांबवायचं असतंय, बाई. ह्याच मजल्यावर माणसास्नी दम लागतोय. दम बसंस्तवर सांगत ऱ्हायाचं."

मला पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि मनाला येईल ते सांगत राहिले, त्यांचा श्वास संथ होईपर्यंत.