भट्टी नसलेल्या इंजिनाचा फायरमन

भट्टीच नाही अशा इंजिनावर फायरमन कशाला लागतो, सांगा बघू? कोळसा नाही, फावडं नाही, राख नाही. मग तो माणूस करतो काय? नाही ना सांगता येत? मी सांगतो. तो बसतो. गादीच्या खुर्चीवर, काचेमागे, थंडीत पायाशी हीटर लावून. आणि आमच्या घाटात ही बसायची नोकरी आली, तेव्हाच गोऱ्यांना आठवलं की फायरमनचं काम खरं तर गोऱ्यांचं आहे.

त्याआधी बरं नव्हतं आठवलं. वाफेच्या इंजिनावर, बोगद्यात तोंडाला ओलं फडकं बांधून फावडं मारायचं होतं, तोवर ते आमचं, काळ्यांचं काम होतं. ब्लॅकजॅक घाटात मीही फावडं मारलंय. काळ्या फायरमनांच्या लॉजचा, म्हणजे युनियनच्या शाखेचा, सेक्रेटरी मीच. शाळा चौथीत सुटली, पण कंपनीचे नियम मी भट्टीच्या उजेडात वाचून पाठ केलेत. ते मला कोणी शिकवायला येऊ नये.

ही हकीकत लिअँडर अपचर्चची. उंच, खांद्यातून थोडा वाकलेला, कमी बोलणारा माणूस. तोंडात कायम ब्लॅकगमच्या झाडाचं दातवण, तपकिरीत बुडवून चघळायचा. घाटात त्याची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती: त्याच्या इंजिनाने कधी गाडी अर्धी सोडली नाही. चढावर दम संपला की निम्म्या वाघिणी मागे सोडायच्या, उरलेल्या माथ्यावर ठेवून यायच्या आणि मग परत खाली जाऊन राहिलेल्या आणायच्या, ही आमच्याकडे मोठी नामुष्की. ज्याच्या हातून असं होई त्याच्या जेवणाच्या डब्याला कोणीतरी तान्ह्या पोराची दुधाची बाटली बांधून ठेवायचं. लिअँडरच्या डब्याला बाटली कधी लागली नव्हती.

आधी चार आसांची डिझेलं आली. सपाटीवर ठीक, पण आमच्या चढावर कोळशाच्या वाघिणी मागे लावल्या की चाकं जागच्या जागी गरगरायची. आम्ही यार्डात उभे राहून हसायचो. मग एकोणीसशे त्रेपन्न साली सहा आसांचं आलं. प्रत्येक आसाला स्वतंत्र मोटार, आणि वजन बारा चाकांवर वाटलेलं, म्हणून जुने पूलही कुरकुरले नाहीत. मुंगळ्यासारखं रुळाला चिकटून हळूहळू चढायचं. आमचं हसू आटलं. एकेक वाफेचं इंजिन भंगाराच्या रांगेत जाऊ लागलं.

नव्या इंजिनावरच्या जागेची नोटीस फळ्यावर लागली. नियम सरळ होता: जो सर्वांत जुना, जागा त्याची. सर्वांत जुना लिअँडर. मी त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

"मला नको ते डबडं," तो म्हणाला. "त्याला छातीच नाही. ठोका ऐकू येत नाही."

"ब्रदर, ठोका ऐकायला कोण पाठवतंय तुला? तिथे बस. तू बसलास तर मागचे बसतील. तुला उठवलं तर समज आम्हा सगळ्यांना उठवलं."

त्याची बायको आर्डेलिया तव्यावर डुकराची चरबी परतत होती. वळलीही नाही. "आणि यांना उठवलं तर सेक्रेटरी काय करणार? भाषण?"

"करीन की."

"ते येतंच म्हणा तुम्हाला."

लिअँडरने अर्ज केला. कंपनीने जागा दिली, पण महिनाभराच्या चाचणीवर. गोऱ्यांना चाचणी नव्हती.

ड्रायव्हर होता क्लाइड रुडिसिल. घाटातला जुना गोरा, वाफेवर मुरलेला, डिझेलवर लिअँडरइतकाच नवखा. पहिल्याच दिवशी त्याने डाव्या खुर्चीवर कोंबडीच्या दाण्याचं रिकामं पोतं अंथरलं.

"यावर बस रे. गादी नवी आहे."

"बरं, कॅप," लिअँडर म्हणाला, कारण गोऱ्या ड्रायव्हरला आम्हाला कॅप्टनच म्हणावं लागायचं, आणि पोत्यावर बसला. मला हे कळलं तेव्हा मी टेबलावर मूठ आपटली. तो म्हणाला, "बसलो ना? बसायलाच सांगितलं होतंस."

चाचणी संपत आली तेव्हा ऑक्टोबर होता. पाऊस होऊन गेलेला, झाडांची पानं रुळांवर पडून चाकांखाली त्यांचा साबणासारखा लगदा झालेला. मागे कोळशाने भरलेल्या वाघिणी. घाटाच्या मध्यावर घंटा वाजली.

या इंजिनात मोटारीतला करंट कुठे लोखंडात झिरपला की घंटा होते, एक खटका पडतो आणि सगळा जोर जातो. फायरमनने मागच्या कपाटाशी जाऊन बटण दाबायचं, की खटका परत वर. पण तो पुन्हा पुन्हा पडू लागला तर नियम सांगतो: थांबा, बिघडलेली मोटार बाद करा, उरलेल्यांवर चला. उरलेल्या पाचांवर तेवढी गाडी चढणार नव्हती. म्हणजे गाडी अर्धी करणं आलं.

लिअँडरने बटण दाबलं. गाडी थोडी चढली. घंटा. पुन्हा दाबलं. पुन्हा घंटा, आणि दर वेळी वेग उतरत चाललेला.

"तुझाच पायगुण," रुडिसिल पुढे रूळ बघत म्हणाला. "आजवर या इंजिनाची गाडी अर्धी झाली नाही. तू बसलास आणि झाली, असंच म्हणतील खाली."

"थांबायचं का, कॅप?"

"मी थांब म्हणालो का? कर काहीतरी."

वाफेवर वाढलेल्या माणसाला एक गोष्ट कधी पटत नाही: इंजिन नको म्हणतंय तर ऐकावं. वाफेचं इंजिन बडवलं तरी चालायचं. कुरकुरायचं, गळायचं, पण चालायचं. लिअँडरने तोंडातलं दातवण काढलं, मोडलं आणि खटका पडूच नये असं फटीत घट्ट ठोसलं. घंटा बंद झाली.

गाडी चढली. अख्खी. माथ्यावर रुडिसिलने आपल्या सँडविचचा अर्धा तुकडा त्याच्यापुढे धरला. आयुष्यात पहिल्यांदा. लिअँडरने तो घेतला, आणि पहिला घास तोंडात असतानाच खालून जळक्या रबराचा वास आला. मोटार वितळून आस जाम झाला होता. त्याची चाकं न फिरता रुळावर घासत गेली होती, खालून चपटी झाली होती. दिवसभर ती लाइन बंद पडली.

चौकशीला हॅचेल नावाचा साहेब बसला. टेबलावर पांढऱ्या बशीत ते दातवण, दातांच्या खुणांसकट. भिंतीला टेकून उभे असलेले गोरे फायरमन बशीकडे बघून एकमेकांना कोपरं मारत होते. लिअँडरच्या बाजूने मी. मला खुर्ची दिली नव्हती.

"हे कोणाचं?"

"माझं, साहेब."

मी रुडिसिलला विचारलं, "घंटा वाजली तेव्हा इंजिनाचा मालक कोण होता? ड्रायव्हर की फायरमन?"

"मी रूळ बघत होतो."

"आणि बंद झाली तेव्हा?"

"मला वाटलं, दुरुस्त झाली."

"'कर काहीतरी' कोण म्हणालं?"

रुडिसिलने हॅचेलकडे बघितलं. हॅचेलने मला सांगितलं, "तू आवाज खाली ठेव." मी ठेवला नाही. मला बाहेर काढलं. पुढचं लिअँडर एकटाच बोलला, आणि बोलला काय, तर म्हणे, "कोणी सांगितलं नव्हतं, साहेब. मी केलं." दाराआडून मी ते ऐकलं.

त्याला काढून टाकलं. शिवाय हुकूम निघाला: सुरक्षेच्या कारणास्तव काळे फायरमन यापुढे फक्त वाफेवर. दोन हिवाळ्यांत घाटात वाफ उरली नाही. आम्हीही नाही. आणि हो, हुकूम निघाल्यानंतर लगेच एका गोऱ्या पोराच्या इंजिनात त्याच खटक्याच्या फटीत कपड्यांचा चिमटा सापडला. त्याला समज दिली. चिमटा कोणी बशीत ठेवला नाही.

गोऱ्यांचं सोडा. आमच्यांनी काय केलं ते ऐका. लॉजच्या सभेत ठराव आला की अपचर्चला आत घेऊ नये, त्याने सगळ्यांची भाकरी घालवली. मी ठराव मांडणाऱ्याची कॉलर धरली, तरी तो पास झाला. त्याच्या पायरीवर पोरं झाडाच्या काड्या टाकून पळायची. न्हाव्याच्या दुकानात त्याचं नावच पडलं, 'दातवण'. आर्डेलिया मला रस्त्यात भेटली तेव्हा फक्त म्हणाली, "भाषण झालं का, सेक्रेटरी?"  

आता तो कोंबड्या कापायच्या कारखान्यात फरशी धुतो. मी एकदा चिडून विचारलं, "रुडिसिलचं नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं तर काय, खुर्ची दिली असती?" तो म्हणाला. मग लगेच, "गाडी चढली होती, ब्रदर. अख्खी."

डेपो स्ट्रीटवर ते न्हाव्याचं दुकान अजून आहे. शनिवारी तो तिथे दाढीला येतो. कोणीतरी 'दातवण' म्हणून हाक मारतं, तो मान वळवतो, सगळे हसतात. कधी त्या बाजूला गेलात तर आत जा, आणि बसलेल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, "नमस्कार, मिस्टर अपचर्च." एवढं करा.