माळ काढायची की ठेवायची

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे ज्वारीच्या पोत्यांशेजारी रचलेले असायचे. वडील कायम कुठल्या ना कुठल्या चळवळीत. अक्षरं मी त्या पत्रकांवरच गिरवली. दारूवर स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं तेव्हा मला वाटलं, आता गाव सुधारलंच. मथळा होता, ‘आज सोडा, आत्ता सोडा, कायमची सोडा!’

ते मनावर घेणारा एकच माणूस निघाला. माझा मामा.

मामा शिरड शहापूरकडचा, मेंढरं राखणारा. वीस वर्षं सकाळी आधी देशी पोटात जायची, मग तो कळपामागं. एकादशीला मामीनं आणि मी त्याला नरसीच्या देवळात नेऊन गळ्यात तुळशीची माळ घालायला लावली. आमच्याकडं माळ घातली की दारू-मटण त्या घटकेपासून बंद, जन्मभर. मामी रडली. मी भाषण केलं.

दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरायला लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी घामानं निथळत तो ओसरीवर उभा राहिला आणि ओरडला, "हाकला! मेंढरं घरात शिरून राहिली!"

मेंढरं रानात होती.

भावकी जमली. चर्चा कशाची, तर माळेची.

"काई विटाळ झाला असंल. माळ लई कडक असती."

"माळ काढा आन् एक क्वार्टर पाजा, आत्ता बराबर व्हईल," शेजारचे आबा म्हणाले.

मामी उसळली. "काढली आन् काई झालं तं? कुंकू माझं पुसंल आबा, तुमचं न्हाई!"

"मंग ऱ्हाऊ दे. तुझा मालक, तुझा देव."

आणि मी? मी मधोमध उभी राहून किंचाळत होते, "थेंबही द्यायचा नाही! मामा, मन घट्ट कर!" तासभर भांडलो. गाडी बोलवावी हे एकालाही सुचलं नाही. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या मलाही नाही. मामाला फिट येऊन तो ओसरीवरून खाली कोसळला, तेव्हा कुठं कुणीतरी टेम्पो काढला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "दारू कधी बंद केली?"

"तीन दिवस झाले. देवाच्या पायाशी," मामी अभिमानानं म्हणाली.

"एकदम? अहो, इतकी वर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर जीव जाऊ शकतो. आमच्याकडं येऊन औषधावर सोडायची असते. कुणी सांगितलं हे?"

मामीनं माझ्याकडं पाहिलं.

आठवड्यानं मामा माळेसकट घरी आला. तोवर पारावर निकाल लागला होता: "पीत व्हता तवर ठणठणीत व्हता. सोडली आन् पडला." एक दोस्त तर खिशात बाटली घेऊन भेटायला आला, औषध म्हणून. त्याला मामीनं काठीनं पिटाळलं. मी भेटेल त्याला सांगत सुटले, सोडायचीच, पण आधी डॉक्टरला विचारून.

"काहून ताई? परवा तं तूच म्हणत व्हतीस, आत्ता सोडा!"

सगळे हसले. त्यांचं खरं होतं, म्हणून जास्तच संताप आला.

मंगळवारी सकाळी मामा पिशवी घेऊन दारात उभा.

"चल, गोळ्या आणायच्यात. डॉक्टरीण काय म्हणती ते नीट ऐकून घे आन् मला तेवढंच सांग. तुझ्या मनाचं त्यात काई घालू नको."