वाचलं, पुढे द्या

सुमन दातार कुवेतला आली ती आखाती लढाई संपून दोन-तीन वर्षं झाल्यावर, नवऱ्याच्या मागोमाग. सुरेश पेट्रोकेमिकलच्या कंपनीत इंजिनिअर, घर जाब्रियात. नाशिकला तिच्या दाराशेजारी वाचनालय होतं. इथे मराठीचा कपटा मिळेना. मग सुटीवरून येणाऱ्यांच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळलेला पेपरसुद्धा ती हाताने सपाट करून वाचायची, तेलाच्या डागांसकट. हसाल तर हसा. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, दुसरं काय!

त्यातलं चांगलं ती कापून पाकिटात घालायची आणि वर लिहायची, ‘वाचलं, पुढे द्या.’ शुक्रवारी कुणाकडे मंडळी जमली की पाकीट या घरातून त्या घरात जाई आणि फिरत फिरत शहराबाहेरच्या अम्गरा भागातल्या लाकडाच्या वखारीत काम करणाऱ्या कोकणी माणसांच्या खोलीपर्यंत पोचे. तिचा नियम एकच होता: आधी आपण वाचायचं, मग दुसऱ्याला द्यायचं. एकदा एक सुरेख लेख तिने महिनाभर कपाटात दाबून ठेवला, कारण तो आईवर होता आणि शेजारच्या द्वारकाबाईंची आई नुकतीच गेली होती.

“अगं, लेख आहे तो, विस्तव नाही,” सुरेश चिडवायचा.

“ते कुणाच्या हातात पडतो त्यावर आहे,” ती म्हणायची.

पुढे इंटरनेट आलं. मराठीत ब्लॉग लिहिणारे निघाले. वखारीतला स्टोअरकीपर दत्तप्रसादही लिहू लागला, गावच्या आठवणी, खोलीतल्या गमती. सुमनने फेसबुकवर पान काढलं, नाव तेच ठेवलं: ‘वाचलं, पुढे द्या’. रोज सकाळी डझनभर ब्लॉग वाचायचे, त्यातले एक-दोन निवडायचे, वर स्वतःच्या दोन ओळी लिहून पानावर टाकायचे. दत्तप्रसादने आपल्या खोलीतल्या महादेव सुतारावर लिहिलं, गणपतीसाठी त्याने केलेल्या मखराचा फोटो टाकला, तेव्हा तेही तिने पुढे दिलं. महादेवने घरी फोन करून लेकीला अभिमानाने सांगितलं. ती स्वरा कुडाळला कॉलेजात होती. त्या दिवसापासून तीही पान वाचू लागली.

सुमनचे डोळे मात्र दुखू लागले. २००९ साली सुरेशने बायकोच्या काळजीपोटी एक सोय शोधून काढली. आपल्या आवडीचे ब्लॉग एकदा सांगून ठेवायचे. कुणी नवीन काही लिहिलं की ते आपोआप आपल्या फेसबुकच्या पानावर जातं, ट्विटरवरही जातं. “आता तू आरामात चहा पी,” तो म्हणाला. सुमन आठवडाभर कुरकुरली. मग पानावरची माणसं दुपटीने वाढलेली दिसली आणि तिलाही बरं वाटलं. बरं वाटणारच, माणूसच ती.

मार्चमधल्या एका सकाळी दत्तप्रसादचा फोन आला.

“वैनी, महादेव गेलो. कामार असताना छातीत कळ इली. घराकडे आजारी आसा, हॉस्पिटलात आसा, इतक्याच सांगलला आसा. बॉडी पोचासर कोणाकडेच बोला नकात.”

परदेशात हीच रीत. कागदपत्रं होऊन देह गावी पोचेपर्यंत दिवस जातात, आणि तेवढे दिवस घरच्या बाईने जमिनीवर डोकं आपटत काढू नयेत म्हणून माणसाला आजारी ठेवायचं. खोटंच, पण मायेचं. सुमनने शब्द पाळला. द्वारकाबाईंना दारात भेटूनही ती काही बोलली नाही.

दुपारी जेवणं उरकून तिने पान उघडलं. सगळ्यात वर महादेवचा हसरा फोटो होता. दत्तप्रसादला राहवलं नव्हतं, त्याने मित्रावर लिहिलं होतं. त्याच्या लेखी ब्लॉग म्हणजे कुवेतमधली आपली चार माणसं. सुमनकडची सोय त्याला ठाऊक नव्हती. तिने तोंडाला कुलूप लावलं होतं आणि तिच्याच पानाने गावभर दवंडी पिटली होती. खाली श्रद्धांजलीची रांग लागलेली. त्या रांगेत एक ओळ स्वराची होती.

‘काकी, हे काढाल का? आईला अजून माहीत नाही. बाबा बरे व्हावेत म्हणून ती आज रवळनाथाला गाऱ्हाणं घालून आली.’

अठरा वर्षांच्या पोरीने बापाचं मरण कॉलेजच्या कॉम्प्युटरवर वाचलं, आणि पहिला विचार केला तो आईचा. सुमनने फेसबुक आणि ट्विटर, दोन्हीकडचं काढलं, दत्तप्रसादला फोन करून त्याचंही काढायला लावलं. मग स्वराला लिहिलं, ‘काढलं, बाळा. माझं चुकलं.’

उत्तर लगेच आलं. ‘आता एस.टी.ने घरी जातेय. मी काही बोलणार नाही.’

आणि ती बोलली नाही. शवपेटी दारात येईपर्यंत आई हॉस्पिटलच्या गोष्टी विचारत होती आणि लेक उत्तरं देत होती. हे दत्तप्रसादने नंतर सांगितलं. पेटीबरोबर तोच गेला होता. ऐकताना सुमन ओट्याला धरून रडली.

“बंद करा ते,” तिने सुरेशला सांगितलं.

“अगं, एखादा ब्लॉग वगळता येतो त्यातून.”

“सगळं बंद करा.”

सुरेशने लगेच बंद केलं. पानावर पूर्वीसारखा दिवसाला एखादा लेख येऊ लागला. काही माणसं कंटाळून निघून गेली.

मग एका सकाळी स्वराचा निरोप आला.

‘काकी, बाबांचं तेरावं झालं. दत्तूकाकांनी लिहिलेलं आता परत टाका. आईला वाचून दाखवायचंय.’

दत्तप्रसादने ते जपून ठेवलं होतं, त्याने पाठवलं. ते उघडल्यावर सुमनच्या ध्यानात आलं की जगभर जाऊन आलेला हा मजकूर तिने स्वतः अजून वाचलाच नव्हता. तिने चष्मा पुसला आणि सावकाश वाचायला घेतलं. वखारीतले उरलेले तुकडे जोडून महादेव लेकीसाठी घडीचं टेबल करत होता, सुटीला जाताना नेणार होता. तीन पाय झाले होते, चौथा राहिला होता. सुमनने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग वर फक्त ‘वाचलं’ एवढं लिहिलं आणि स्वराच्या आईसाठी ते पुढे दिलं.