आठवडाभर पाणी लावायचं नाही

हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं. आमच्या मुश्ताकभाईंच्या हौसेचं मोल बेचाळीस हजार होतं. बंपर आणि आरसे धरून, दरवाज्यांच्या आतल्या कडा सोडून. त्या कडांचं पुढे सांगतोच.

मी महाडचा. एसटीत कंडक्टर होतो, बरीच वर्षं महाड-पोलादपूर फेरीवर. मुश्ताकभाई माझे समोरचे शेजारी आणि त्यांची बायको नुरजहाँ पोलादपूरची. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच भाई कुवेतला गेले, एका कफीलकडे ड्रायव्हर म्हणून. कफील म्हणजे तिथला मालक, आणि तो म्हणेल ती पूर्वदिशा. तेव्हापासून भाभींची माहेरची वाट माझ्या एसटीतून. कडेवर पोरगी, हातात पिशवी आणि बहुतेक वेळा उभ्याच. मी कुणाला तरी उठवायला गेलो की म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे भाऊ, थोडेच दिस. ते आले की आमची गाडी घेनार हायेत. मंग तुमच्या एसटीचं तोंड पन नाय बघायची मी."

थोडेच दिवस म्हणता म्हणता कडेवरची सादिया लग्न होऊन पनवेलला गेली, मी निवृत्त झालो आणि भाभींचे गुडघे गेले. तेव्हा कुठे मुश्ताकभाई कायमचे परत आले. आल्या आल्या गाडी घेतली. पांढरी, नवी कोरी. माणूस शब्दाचा पक्का, यात वाद नाही.

गाडी आली, पण पोलादपूर काही येईना. महाडहून पोलादपूर म्हणजे जेमतेम अर्धा तास. आमच्या एसटीला जमायचं, पण भाईंच्या गाडीला कधी हायवेची खडी लागायची, कधी धूळ, कधी समोरून येणाऱ्या ट्रकची नियत. शोरूममधून आली तेव्हा सीटवर जे प्लास्टिक होतं ते तसंच होतं. भाभी एकदा पेट्रोल पंपापर्यंत बसून आल्या आणि घसरगुंडीवर बसल्यासारखं वाटलं म्हणाल्या. भाई रोज सकाळ-संध्याकाळ गाडी पुसत. कुवेतमध्ये हेच करत होते. परक्याची गाडी इतकी वर्षं पुसली की माणूस स्वतःच्या गाडीचाही मालक होत नाही, ड्रायव्हरच राहतो, असं माझं मत झालं. ते मी भाईंना बोलूनही दाखवलं. भाई म्हणाले, "चंदूभाऊ, तुमची गाडी सरकारी होती. तुम्हाला काय कळायचं."

मग जुलैमध्ये त्यांच्या डोक्यात रॅप शिरलं. कफीलच्या गाडीला म्हणे रॅप होतं. गाडीला वरून पातळ शीट चिकटवायची, की खालचा रंग जन्मला तसा राहतो. मी विचारलं, "पण मग तो रंग बघायचा कुणी?" त्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यात माझ्या अडाणीपणाची पुरती कीव होती.

हायवेला अनिल रेडियमवाल्याचं दुकान आहे. रिक्षाच्या मागच्या काचेवर आईबापाचे आशीर्वाद चिकटवण्यात त्याची निम्मी हयात गेली. अलीकडे तो अख्ख्या गाड्या गुंडाळतो. भाई मला सोबत घेऊन गेले, घासाघीस करायला कंडक्टर बरा म्हणून. अनिलने टेप लावून गाडी अशी मापली, जशी लग्नाची शेरवानीच शिवायची आहे. सपाट भागाला वेगळा दर, वळणांना वेगळा, कारण वळणावर शीट वाया जाते. बंपर वेगळा, आरसे वेगळे. दरवाजा उघडल्यावर दिसणारी आतली कड, तिचे आणखी वेगळे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

"आतलं कोन बघतो?" भाई म्हणाले. "बाहेरून कर."

"भाई, दरवाजा उघडला का पांढरं दिसंल."

"तर नाय उघडायचा."

हे ते गंभीरपणे म्हणाले. मी हसलो तेव्हा आम्हा दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, की माणूस खरंच तसं वागणार आहे.

पावसाळी सवलत होती. का असणार नाही? ज्याचं डोकं ठिकाणावर आहे तो पावसाळ्यात हे करत नाही. पैसे मोजायच्या आधी भाईंनी शेवटची शंका विचारली. दोन हजार एकवीसच्या पुरात त्यांच्या तळमजल्यावर छताला पाणी लागलं होतं. म्हणून ती शंका महाडकरालाच सुचावी अशी होती.

"ह्या शीटमुळे पुराचं पानी आत नाय ना जायचं?"

"भाई, हे रॅप हाय. पाणबुडी नाय."

गाडी मेंदीच्या रंगाची झाली. चकाकी नाही, काही नाही, वाळल्या मेंदीसारखी. अनिलने चावी देताना बजावलं, "शीट बसायला वेळ लागतो. आठवडाभर पाणी लावायचं नाय. कडांना तर बिलकूल नाय." जुलै महिन्यात, महाडमध्ये, सावित्रीच्या काठावर. आणि भाईंनी मान डोलावली.

आठवडा संपला की शुक्रवारी नमाजनंतर पोलादपूर, असं अखेर ठरलं. भाभींनी भावाला फोन केला. नव्या चपला आणल्या. सांदणासाठी तांदूळ भिजवायचे कधी, हेही ठरवून टाकलं. गल्लीत दिसेल त्याला सांगत होत्या, "शुक्रवारी आमी गाडीनं जातोय." मला सांगताना मात्र जरा थांबल्या. "भाऊ, तुमच्या एसटीत उभी ऱ्हायली ते सगळं वसूल," म्हणाल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

शुक्रवारच्या आधीच भोंगा वाजला.

महाडमध्ये पुराचा भोंगा वाजला की माणसं माळ्यावर चढतात आणि गाड्या हायवेच्या पुलावर. हा आमचा शिरस्ता आहे, तो कुणाला शिकवावा लागत नाही. सकाळची वेळ होती. गल्लीत घोट्याएवढं पाणी आलं होतं. भाभी पिशवी घेऊन उंबऱ्यात तयार उभ्या होत्या, पाय भिजलेले. भाईंनी गाडी दारापर्यंत आणली, पण दरवाजा उघडला नाही. काच बोटभर खाली केली.

"गो नुरजहाँ, कडा अजून बसल्या नायत. पानी शिरंल. आधी गाडी वर लावतो, मंग तुला न्यायला येतो."

न्यायला येणार कशातून, हे विचारायचं त्या घाईत भाभींनाही सुचलं नाही आणि वरच्या गॅलरीतून बघणाऱ्या मलाही.

शेजारचा अरफात त्याची मिनिडोर घेऊन आला. सहा माणसांची ती रिक्षा, तिच्यात त्याने गल्लीतल्या दहा बायका कोंबल्या होत्या. "चाची, बसा," म्हणाला.

"तू जा बाबा. ते येतायत न्यायला."

तो दुसऱ्या खेपेला आला, तेव्हा गुडघाभर पाणी होतं. भाभींचं उत्तर तेच. तिसऱ्यांदा मिनिडोर येणं शक्य नव्हतं, म्हणून पोरगा पोहत-चालत आला. मग त्याने आणि मी भाभींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून, माझ्या जिन्याने वर आणलं. कंडक्टरच्या नोकरीत मी पुष्कळ प्रवासी चढवले, पण असा नाही. नव्या चपला खाली वाहून जाताना भाभींनी पाहिल्या.

आमच्या गॅलरीतून पूल दिसतो. पुलावर गाड्यांची रांग, आणि रांगेत एकाच गाडीवर निळी ताडपत्री. एक माणूस वाऱ्यात तिची टोकं धरून चारी बाजूंनी नाचत होता. भाभी त्याच्याकडे बघत बसल्या. दुपारी माझ्या मोबाइलवर भाईंचा फोन आला. मी तो भाभींच्या हातात दिला. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आलं.

"नुरजहाँ, काळजी करू नको. गाडीला काय झालेलं नाय."

भाभींनी फोन मला परत दिला. "तुमीच बोला भाऊ. गाडी बरी हाय म्हनतात."

मी त्या माणसाला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात एसटीच्या बत्तीस वर्षांत शिकलेलं सगळं होतं.

पाणी ओसरलं. घरात चिखल. पोलादपूरहून भावाचा फोन आला, की साफसफाई होईपर्यंत इकडेच ये. भाई गाडी घेऊन दारात आले. ताडपत्री घासून घासून बॉनेटच्या कोपऱ्यावर शीट उचलली गेली होती आणि खालून पांढरं डोकावत होतं. पण त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. सीटवरचं प्लास्टिक त्यांनी ओरबाडून काढलं होतं. ते उतरले आणि अख्ख्या गल्लीदेखत त्यांनी मागचा दरवाजा सताड उघडला. आतली पांढरी कड उन्हात लख्ख दिसत होती. दरवाजा धरून ते उभे राहिले. कुवेतमध्ये कफीलच्या बायकोसाठी असेच उभे राहत असतील. खरं सांगतो, त्या वेळी मला त्यांची दया आली.

भाभी आल्या. दरवाज्यासमोर थांबल्या. आत बघितलं, मग खाली स्वतःच्या अनवाणी पायांकडे.

"माजे पाय चिखलाचे हायेत," म्हणाल्या, आणि अरफातच्या मिनिडोरमध्ये जाऊन बसल्या.

त्यांना आधार द्यायला मीही बसलो. हायवेला लागल्यावर मागे वळून पाहिलं, तर हिरवी गाडी आमच्या मागून येत होती, रिकामी, आमच्याच चालीने. खडी उडत होती, ट्रक चिखल उडवत होते, तरी भाई अंतर सोडत नव्हते. मी भाभींना म्हटलं, "येतायत बरं का मागून." त्या म्हणाल्या, "चांगला रस्ता हाय. अर्धाच तास."

पोलादपूरला धाकटा भाऊ दारात उभा होता. त्याने बहिणीला हात देऊन उतरवलं, मिनिडोरमध्ये डोकावून पाहिलं आणि विचारलं, "दुल्हेभाई नाय आले?"

"येतायत मागून," भाभी म्हणाल्या. "त्यांच्या गाडीला आधी छपराखाली जागा कर रे. माजं काय, मी कुठं पन बसते."